पाकिटावर येसरच लिहायचं

आधी येसर म्हणजे काय ते सांगून टाकते, न्हाईतर पुढचं भांडण कळायचं न्हाई. ज्वारी, हरभऱ्याची डाळ, धने, खोबरं, मिरच्या असं सगळं वेगवेगळं भाजून एकत्र दळायचं, ते येसर. लग्नातली आमटी घट्ट आणि झणझणीत लागते ना, ती ह्याच्यामुळं. आमच्या औरादकडं, म्हणजे बीदर जिल्ह्यात, येसर नसलं तर लग्नाचं जेवण झालं असं कुणी म्हणतच न्हाई.

तेव्हा मी औरादला बसस्टँडसमोर फ्लेक्सच्या दुकानात कॉम्प्युटरवर बसायचे. वाढदिवसाचे बॅनर, खताच्या दुकानाचे बोर्ड, न्हाईतर कुणातरी अण्णाचा फोटो. "पोरी, जरा अजून गोरा कर की!" केला. अजून गोरा केला. शेवटी तोंडावर नाकाची दोन भोकंच तेवढी राहायची! मला मात्र एखादं पाकीट करायचं होतं. फळीवर ठेवलं की लांबूनच ओळखू यावं असं.

तेवढ्यात अक्का आली. अक्का आमच्या गल्लीतली, सगळी गल्ली तिला अक्काच म्हणती. लग्नाघरी स्वयंपाकाला जायची आणि घरी येसर करून पेपरच्या पुडीत विकायची. आता पुण्याकडं किराणा दुकान टाकलेला आमच्याच भागातला एक माणूस दर महिन्याला माल घ्यायला तयार होता. पण पाकिटात पाहिजे म्हणला. हे जमलं असतं तर अक्काला दुसऱ्यांच्या चुलीपुढं वाकायला जायची गरज राहणार न्हवती. आणि दुकानदाराचा फोन काय? "नाव आमटी मसाला टाका. येसर लई गावठी वाटतंय."

माझं डोकंच फिरलं!

अक्काला पाकिटावर लक्ष्मी पाहिजे होती. मी म्हणलं, "अक्का, पाकीट फाडून उकिरड्यात टाकतात."

"अगं बाई! नको नको, काढ तिला!"

मग राहिला फक्त शब्द. लाल, ह्या कडेपासून त्या कडेपर्यंत: येसर. खाली कानडीत तेच, कारण बीदरच्या बाजारात बी विकायचं होतं. फाईल बीदरच्या प्रेसला मेल केली. तिथं मराठी नीट उघडलं, कानडीचे सगळे चौकोन झाले. प्रेसवाल्याचा फोन.

"कानडीत काय लिहायचं? हेसर एन्री?" म्हणजे नाव काय, असं कानडीत विचारायला होता.

"येसर."

"हां, हेसर. एन हेसर?"

"येसरच की हो!"

"मॅडम, हेसर मतलब नाम. नाम क्या है, वो बोलो ना!"

"नामच येसर है!"

त्यानं तिकडं कायतरी लिहून घेतलं. मग म्हणला, "अच्छा अच्छा, समझ गया."

काय समजला ते पाकिटं आल्यावर कळलं. वर मराठीत झकास येसर. खाली कानडीत "हेसरु", पुढं दोन टिंबं आणि एक लांब रिकामी रेघ. म्हणजे नाव तुमचं तुम्ही पेनानं लिहा! मी हसून हसून खुर्चीवरून पडायची राहिले. अक्का हसली न्हाई.

त्याच आठवड्यात दुकानदार गावी आला आणि सरळ आमच्या दुकानात. पाकीट उचललं, कानडी वाचलं, टेबलावर टाकलं.

"बघा! छापणाऱ्यालाच कळंना, तिकडं कुणाला कळणार? आमटी मसाला करा, न्हाईतर मी दुसरीकडून घेतो."

अक्काचा चेहरा उतरला. मला राहवलं न्हाई. "मामा, घरी मामी काय म्हणती? आमटी मसाला संपला म्हणती का?"

"घरचं येगळं असतंय."

"आणि दुकानात कोण येतंय? औरादचे, ठाणाकुशनूरचे, उदगीरचे, कंपनीत लागलेलेच ना? आमटी मसाला त्यांना कुठंबी मिळतोय. येसर कुठं मिळतंय सांगा की!"

"तू बोर्ड रंगव. मला धंदा शिकवू नकोस."

"रंगवत न्हाई, डिझाईन करते!"

आता आमचं लागलं असतं जोरात, पण अक्का मधी पडली. हळूच म्हणली, "दादा, म्हैस विकायला नेली म्हणून तिला गाय म्हणू का? येसर हाय. घ्यायचं तर येसर म्हणून घ्या."

बोलली खरी, पण पदर मुठीत आवळून धरलेला.

दुकानदारानं डोकं खाजवलं. "बरं, वरती ऱ्हाऊ द्या येसर. खाली बारीक अक्षरात तरी आमटी मसाला टाका."

मी न्हाई म्हणायला तोंड उघडलं, तर अक्काच म्हणली, "टाक गं." मग तो पानटपरीकडं गेल्यावर माझ्या कानात, "पण असं टाक, चष्मा लावून बी दिसू नये."

टाकलं! वजनाच्या खाली, पाकिटाच्या शिवणीला चिकटून, लाल रंगावर जरा गडद लाल. कानडी शब्द ह्या वेळी चित्र करून पाठवला, कुणाला टाईप करायला चान्सच ठेवला न्हाई.

पोती ट्रॅव्हल्सच्या टपावर चढायली होती तेव्हा दुकानदार पाकीट उलटंपालटं करून बघायला होता. "कुठाय ते आमटी मसाला?"

"हाय की मामा, खाली."

त्यानं पाकीट उन्हाकडं धरलं. चष्मा कपाळावर सरकवला, परत खाली घेतला. ड्रायव्हर हॉर्नवर हॉर्न मारायला.

"हां हां, हाय हाय," म्हणला आणि बसमधी चढला.

दुसऱ्या दिवशी एका लग्नघरचा माणूस अक्काला स्वयंपाकाला बोलवायला आला. मी तिथंच होते. अक्का कढईपुढून उठली बी न्हाई. "मला जमणार न्हाई. पुण्याला येसर पाठवायचंय," म्हणली आणि मिरच्या परतायला लागली. तो माणूस शिंकत शिंकत परत गेला.