बाईंनी न दिलेली यादी

बाई मुलाखत घेताना कधी खुर्चीवर बसल्या नाहीत. समोरचं माणूस जिथे बसेल तिथेच त्या बसत. रविवारी सुट्टी मिळालेल्या इंडोनेशियन मोलकरणी बागेत चटया टाकून बसायच्या, त्यांच्यात साठीकडे झुकलेल्या बाई मांडी घालून बसलेल्या असत. उठताना गुडघे कुरकुरायचे, मग माझा खांदा धरायच्या. "वरून विचारलं की माणूस वरवरचं सांगतं," असं त्यांचं म्हणणं.

सिंगापूरच्या एका विद्यापीठात त्या समाजशास्त्र शिकवत आणि मी त्यांची संशोधन साहाय्यक होते. बाई मूळच्या सोलापूरच्या. आई विड्या वळायची. शिष्यवृत्तीवर कॅलिफोर्नियाला गेल्या आणि तिथे टोमॅटोच्या शेतात राबणाऱ्या मेक्सिकन वंशाच्या बायका पाहून त्यांचा विषयच बदलला. अमेरिकेत वाढलेल्या अशा घरांतल्या कितीतरी बायका स्वतःला चिकाना म्हणवतात, पुरुष चिकानो. त्यांच्या जगण्याचा अभ्यास करणारा वेगळा विभागच तिथल्या विद्यापीठात होता. बाई स्पॅनिश शिकल्या आणि त्या विभागात वीस वर्षं शिकवत राहिल्या. "तुझा यांच्याशी संबंध काय, असं तिथे सगळे विचारायचे," त्या सांगत. "मी म्हणायचे, माझ्या आईच्या बोटांना तंबाखूचा वास यायचा, यांच्या बोटांना टोमॅटोच्या पाल्याचा. एवढा संबंध पुरे."

धाकटा भाऊ इथे सिंगापुरात, सेंगकांगला राहायचा, म्हणून उतारवयात त्या इकडे आल्या. पहिल्याच तासाला मुलांना विचारत, "तुमच्या घरी भांडी घासते तिचं नाव काय?" एकदा एक मुलगा इथल्या बोलीच्या ढंगात म्हणाला, "वी जस्ट कॉल हर आँटी, लाह." बाई हसल्या नाहीत. "मग आज घरी जाऊन विचार," एवढंच म्हणाल्या.

मोलकरणींवरचा त्यांचा लेख छापून आला तेव्हा त्यात कुणाचंच नाव नव्हतं. पण सामानाच्या खोलीत झोपणाऱ्या, फोन काढून घेतलेल्या एका मोलकरणीची हकीकत होती, आणि एका घराने स्वतःला त्यात ओळखलं. तक्रार आली. विद्यापीठाने बाईंकडे मुलाखती दिलेल्यांची यादी मागितली.

"ती नावं माझी नाहीत. कशी देऊ?" बाई म्हणाल्या आणि केबिनमधलं सामान आवरायला लागल्या. त्यांचं कंत्राट संपत आलं होतं. पुढे काय होणार ते त्यांना दिसत होतं.

मग विभागप्रमुखांनी मला बोलावलं. माझ्या पासच्या, म्हणजे इथे नोकरी करायच्या परवान्याच्या, नूतनीकरणाचे कागद टेबलावरच होते. नवऱ्याची नोकरी तेव्हा गेली होती, मुलगी पहिलीत होती. "फक्त पडताळणीसाठी," साहेब मऊ आवाजात म्हणाले. यादीची दुसरी प्रत माझ्या कॉम्प्युटरवर होती. मी ती दिली.

तिथून ती पुढे कशी गेली, मला कधीच कळलं नाही. आठवडाभरात लेखातल्या त्या मोलकरणीला, सीतीला, विमानात बसवून परत धाडलं. महिन्याभराने बाईंचं कंत्राट संपलं. माझा पास मात्र वाढवून मिळाला.

वर्षभराने बाईंच्या भावाचा फोन आला. नोव्हेना भागातल्या हॉस्पिटलात गेले तेव्हा बाईंचा चेहरा ओळखू येईना, इतका आटला होता. मी रडत रडत सगळं सांगून टाकलं.

"ठाऊक आहे गं," त्या म्हणाल्या. "यादी दोघींकडेच होती."

"मग बोलला का नाहीत कधी?"

"तुला पोर आहे म्हणून." मी त्यांचा हात धरला, तो त्यांनी हळूच सोडवून घेतला. "पण मी माफ करून काय उपयोग? गेलं कुणाचं? सीतीलाच विचार."

चार दिवसांनी बाई गेल्या.

सीतीच्या बहिणीचा नंबर मुलाखतीच्या कागदावर होता. फोन लावायला मला सहा महिने लागले. सीती स्वतः फोनवर आली. तिला कळेल अशा सोप्या इंग्रजीत मी सांगितलं, यादी मी दिली, माझं चुकलं. पलीकडे कोंबड्यांचा आवाज येत होता.

"तुम्ही कोण?" तिने विचारलं. "मला तुम्ही आठवत नाही. खाली बसायच्या त्या मॅडम आठवतात. त्या बऱ्या आहेत ना?"