न बघता भरलेली पानं

माझी कादंबरी पान एकशे त्रेचाळीसवर थांबली. ती का थांबली हे मला पहिल्याच दिवशी माहीत होतं. बायकोला मात्र मी सांगितलं, की वेळ मिळत नाही.

वेळ मिळत होता. अमरावतीच्या घरी मी पहाटे पाचला उठतो, सव्वापाच ते साडेसहा लिहितो आणि मग कार्यालयाची तयारी करतो. रोजचे सरासरी तीनशे ऐंशी शब्द होत होते. आराखडा मी मुद्दामच केला नव्हता. नोकरीत सगळं आयुष्य आखलेल्या तक्त्यांत गेलं, त्यामुळे एक तरी गोष्ट अशी करायची होती, जिचा पुढचा रकाना आधीपासून छापलेला नसेल.

कादंबरीतला माणूस बोअरच्या मोटरी दुरुस्त करणारा मिस्त्री होता. अकोल्याच्या बाजूला खारपाणपट्ट्यात गावोगाव फिरणारा. तो मी माझ्या थोरल्या भावावरून घेतला होता. दादा अकोल्याला राहतो आणि हेच काम त्यानं पस्तीस वर्षं केलं. त्याचं चालणं, त्याचा खोकला, राग आला की टोपी काढून मांडीवर ठेवणं, सगळं मी उचललं होतं. त्याला ते माहीत होतं आणि आवडतही होतं.

पान शहाण्णववर त्या मिस्त्रीच्या पायात तारेचा तुकडा घुसला आणि त्याला कळलंच नाही. मी हे ठरवून लिहिलं नव्हतं, त्या दिवशी तसं सुचलं. तीन आठवड्यांनी वहिनीचा फोन आला. दादाच्या तळव्यात खिळा निघाला होता आणि तो किती दिवसांपासून होता हे त्याला सांगता येत नव्हतं. मी घाबरलो नाही. चौदा वर्षांची शुगर, अनवाणी वावरायची सवय; अशा माणसाच्या पायात काहीतरी घुसणारच. पान एकशे एकतीसवर मिस्त्रीची दोन बोटं काळी पडली. त्याच महिन्यात दादाची दोन बोटं काढावी लागली. त्यातही नवल नव्हतं. जखमेचा पुढचा टप्पा तोच असतो, कुणीही सांगेल.

पण एकशे त्रेचाळीसव्या पानावर मिस्त्री एका शेतात बोअरपाशी बसला, पाय पुढे केला आणि पाणी मागितलं. पुढे काय आहे ते मला दिसलं. मी पेनाला टोपण लावलं.

अकरा दिवस कोरे गेले. बाराव्या दिवशी मी ठरवलं, की मिस्त्रीला बरं करायचं. शेतमालक त्याला गाडीत घालतो, शहरात आणतो, डॉक्टर पाय वाचवतात. नऊ दिवसांत मी सव्वीस पानं लिहिली. शब्द भरभर येत होते. रविवारी सगळं एकदा वाचलं आणि ते ओळखीचं वाटलं, कार्यालयातल्या आकड्यांसारखं.

माझं काम आहे जिल्ह्यातल्या पर्जन्यमापकांचे आकडे तपासणं. सकाळी आठला माणसानं मापकाजवळ जायचं, नळीत साचलेलं पाणी मोजायचं आणि नोंदवायचं. काही जण जात नाहीत, घरीच बसून आकडा लिहितात. असा आकडा मी ओळखतो. तो नेहमी शेजारच्या गावाशी जुळतो, गोल असतो, कुणाला शंका येऊ नये इतकाच असतो. खरा पाऊस तसा पडत नाही. एका गावात बेचाळीस मिलिमीटर पडतो आणि नाल्यापलीकडे तीन.

ती सव्वीस पानं न बघता भरलेली होती. मिस्त्री त्यांत खोकत नव्हता, चिडत नव्हता, सगळ्यांचे आभार मानत होता. दादानं जन्मात कुणाचे आभार मानलेले नाहीत. मी ती पानं फाडली. पुन्हा एकशे त्रेचाळीस.

तेवढ्यात वहिनीचा पुन्हा फोन आला. बोटांची जखम भरत नव्हती, काळं वर सरकत होतं. डॉक्टरांनी पाय गुडघ्याखालून काढायचं ठरवलं होतं, पुढच्या मंगळवारी. हृदयही तितकंसं ठीक नव्हतं, त्यामुळे भूल सोसेल का याची खात्री त्यांनी दिली नव्हती.

शनिवारी मी अकोल्याला गेलो. दादा पलंगावर पाय लांब करून बसला होता, पायावर पांढरं फडकं.

"पानं किती झाले?" त्यानं विचारलं.

"एकशे त्रेचाळीस."

"मागच्या खेपीलेही तेवढेच सांगतले होते. काहून थांबला बे?"

मी थांबल्याचं कारण सांगितलं. आकड्यांसकट, पान आणि तारीख लावून. वहिनी दारात उभी राहून ऐकत होती. दादानं टोपी काढली आणि मांडीवर ठेवली.

"म्हंजे तू मले मारून राह्यला लेका, अन् तुले लाज वाटून राह्यली."

"दादा, मस्करी नको."

"मंग मार ना बाप्पा! कागदावर मेलो तं बरंच हाय. आईनं नव्हतं मारलं मले?"

हे मला ऐकून माहीत होतं. दादा दहा वर्षांचा असताना शेतात कावळा त्याच्या डोक्यावर बसला होता. आमच्याकडे ते वाईट समजतात. त्यावर उतारा म्हणजे दूरच्या नातेवाइकाला माणूस गेल्याचा खोटा निरोप पाठवायचा. तो खरा समजून कुणीतरी रडलं, की आलेलं मरण फिटतं. मग दिवस मावळायच्या आत खरं सांगायचं. आईनं भातकुलीकडच्या मामीला निरोप धाडला होता. मामी ऊर बडवत आली, दादाला ओट्यावर भाकर खाताना पाहिलं आणि आईला शिव्या दिल्या.

"तवापासून पन्नास वर्सं काढले मी," दादा म्हणाला. "तू लिव. अन् ताईले वाचून दाखव. पुस्तक हाय म्हनून सांगू नको."

ताई आमची मोठी बहीण, रिद्धपूरला असते. तिला बोटांचंही कळवलं नव्हतं.

"मी खोटं सांगणार नाही," मी म्हणालो. "आजवर एक आकडा चुकीचा दिला नाही."

"तुले कोन खोटं बोलाले सांगते? लिवलेलं वाच."

मी तिथेच, त्याच्या पलंगाशेजारी स्टुलावर बसून लिहिलं. दोन तास लागले. तो समोर होता, म्हणून बघून लिहिता आलं. ओठ कसे सुकतात, नखांचा रंग, पाणी मागताना आवाज कुठे तुटतो. मधेच तो म्हणाला, "मले पानी दे," आणि मी आधी ते लिहिलं, मग उठलो. हे मी अभिमानानं सांगत नाही. सातशे सदतीस शब्द झाले. त्यांतला एकही गोल नव्हता.

वहिनीनं ताईचा नंबर लावला आणि फोन माझ्या तोंडापुढे धरला. "वाचा भाऊजी."

मी वाचायला लागलो. दादाचं नाव त्यात नव्हतं, पण खोकला होता, टोपी होती. चौथ्या ओळीला ताईनं विचारलं, "अरे, हे काय सांगून राह्यला तू?" मी थांबलो नाही. थांबलो असतो तर खरं सांगावं लागलं असतं. शेवटच्या ओळीला पलीकडून जो आवाज आला, तो मी पूर्वी एकदाच ऐकला होता, वडील गेले तेव्हा.

दादानं फोन ओढला. "ताई, जित्ता आहो मी! पुस्तकातलं हाय ते!"

ताई ओरडली, "मुडदा बसवला तुमचा दोघायचा!"

दादा हसायला लागला. वहिनी हसली नाही. तिनं आधी माझ्याकडे आणि मग पायावरच्या फडक्याकडे पाहिलं. आपण काय बोललो ते पलीकडे ताईलाही कळलं असावं. मग तिनं हळूच विचारलं, "पायाले काय झालं त्याच्या? वाचलं ना तू आत्ता."

रविवारी ती अकोल्याला आली.

त्या दिवसापासून माझं लिहिणं परत सुरू झालं आहे. मिस्त्री मेल्यावर त्याच्या घरातली पहिली सकाळ मी सोमवारी लिहिली, चारशे दहा शब्द. मंगळवारी दादाला आत नेलं, तेव्हा बाहेरच्या बाकावर दोनशे साठ. इतकं सरळ लिहिणं मला कधी जमलं नव्हतं, आणि ते जमतंय याचीच भीती वाटत होती. ताई शेजारी बसली होती. तिनं वहीकडे एकदाही पाहिलं नाही.

दादा भुलीतून बाहेर आला. पाय गेला, ताप आहे. पहिले तीन दिवस महत्त्वाचे, असं डॉक्टर म्हणाले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी त्याच्या उशाशी बसलो होतो.

"ते पान फाडतो मी," मी म्हणालो. "उतारा झाला. ताई रडली, तिला खरंही सांगून झालं. आता ते ठेवायचं कारण नाही."

दादानं डोळे उघडले. त्याचे ओठ मी लिहिले होते तसेच सुकले होते.

"फाडू नको," तो म्हणाला. "आता कागदावर हाय ते. फाडलं तं ते मरन जाईन कुठं?"