परीटघडीची होडी

वहिनी, तुझ्याबद्दल लिहितेय हे कळलं तर तू म्हणशील, "माझ्यात काय आहे लिहिण्यासारखं? चादरींबद्दल लिहा." चादरीही येतील. पण आधी होडीचं खरंखरं सांगायला हवं, कारण तू लोकांना निम्मंच सांगतेस. होडी कुणामुळे बिघडली ते गाळतेस आणि मी किंचाळले तेवढं तिखटमीठ लावून सांगतेस. आता गप्प बस आणि ऐक. या गोष्टीत मी नुसती नणंद आहे.

वहिनी इस्पितळाच्या लाँड्रीत कामाला होती. दिवसभर वाफेत, उभ्याने. मोठ्या चादरींची घडी दोघींनी समोरासमोर उभं राहून घालायची. एकीने ओढलं की दुसरीने सैल सोडायचं नाही. घरी नवऱ्याचा रुमालसुद्धा परीटघडीचा असे. पुढे नवरा गेला, मागोमाग नोकरीही संपली, आणि वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत ती आणि थोरली नणंद अशा दोघी उरल्या. नणंद शाळेत भूगोल शिकवायची. नकाशावरच्या नद्या तिला तोंडपाठ होत्या. खऱ्या पाण्यात मात्र ती घोट्याच्या वर कधी गेली नव्हती.

"जन्मभर उभी राहिले, वन्सं," वहिनी एकदा म्हणाली. "आता बसून कुठंतरी जायचंय."

"मग बसने जा."

"बसमध्ये दुसरा नेतो. मला माझी मी जायचंय. नदीतनं."

हवा भरायच्या होड्यांचं दुकान तिने आधीच हेरून ठेवलं होतं. दुकानदार उत्साही होता. त्याने अरुंद कयाक दाखवली, रुंद उघडी कनू दाखवली, मग विचारलं, "वल्हवणार कोण?"

"ही," नणंद म्हणाली. "मी नुसती सोबत आलेय."

"मग एकटीची कयाक घ्या, बाई. हलकी आहे, पळते छान, जिनेही चढवता येतील."

वहिनीने कयाकच्या कडा चाचपल्या. "हिची घडी कशी होते?" तिने विचारलं.

दुकानदाराने कयाक गुंडाळली, पिशवीत घालायला गेला, शेवटी गुडघा देऊन कोंबली. वहिनीने नाक मुरडलं. मग तिने दोघांची कनू जमिनीवर पसरायला लावली आणि एक टोक नणंदेच्या हातात दिलं. "ओढा. सोडू नका." कनू चौकोनी होऊन पिशवीत सुळकन गेली.

"हीच."

"अगं, ही दोघांची आहे. मागं कोण बसणार?"

"डबा ठेवीन."

डब्याला बसायला जागा हवी म्हणून कुणी होडी घेत नाही, हे नणंदेला कळत होतं. पाण्याची भीती वहिनीला नव्हतीच. एखादा पक्षी दिसला तर "तो बघा" म्हणायला मागं कुणीतरी हवं होतं. नणंदेने सरळ सांगून टाकलं, "मी काठावर बसेन. आग्रह करायचा नाही."

वहिनीने केलाही नाही. दर रविवारी ती एकटी वळणापर्यंत जाऊन यायची. नणंद काठावर वर्तमानपत्र घेऊन बसायची.

"बगळा होता," वहिनी सांगायची.

"दिसला मला इथून."

"त्याची पिल्लं नसतील दिसली. ती वळणापलीकडं आहेत."

एवढं बोलून ती होडीची घडी घालायला लागायची. तळहाताने इस्त्री केल्यासारखी दाबायची, वर स्वतः बसायची. दर वेळी घडी त्याच जागी, त्याच रेषेवर. त्या रेषेवरच एक दिवस मागच्या कप्प्यातून हवा सुटायला लागली.

दुकानदाराने बोट फिरवून पाहिलं आणि कपाळाला हात लावला. "बाई, ही चादर नव्हे. सैल गुंडाळायची असते, दर वेळी वेगळ्या जागी. दोन-चार दिवस ठेवून जा, आमचा माणूस नीट जोडून देईल."

"आत्ता नको. सोमवारी आणते," वहिनी म्हणाली. तिचा चेहरा एवढासा झाला होता. परीटघडीवर कुणी बोट ठेवलं, असं तिच्या आयुष्यात पहिल्यांदाच घडलं होतं.

घरी तिने सोबत मिळालेलं ठिगळ चिकटवलं. तरी हवा हळूहळू जातच होती.

रविवारी नणंद म्हणाली, "आज राहू दे नदी."

वहिनी तरंगायच्या जॅकेटचे पट्टे लावत राहिली. "बाकीचे कप्पे घट्ट आहेत. पाणी कमरेएवढं आहे. मागं कुणी पंप घेऊन बसलं तर काही होत नाही."

"कुणी म्हणजे?"

"डब्याला पंप मारता येत नाही, वन्सं."

नणंद दुसरं जॅकेट उचलून म्हणाली, "हे कुठल्या बाजूनं घालतात?"

होडीत चढताना तिचा पाय सरकला आणि ती किंचाळली. साऱ्या काठाने माना वळवल्या. मग ती पंप कवटाळून मागं बसली.

"हलू नका."

"मी नाही हलत. होडी हलतेय. तू पुढं बघ."

वळणापर्यंत नणंदेने डोळे पंपावरून काढले नाहीत. वळण ओलांडल्यावर वहिनीने वल्हं आडवं धरलं आणि हळूच म्हणाली, "ती बघा."

"थांब, आधी हवा भरू दे," असं म्हणत नणंदेने मान वर केली. झुडपात पिल्लं होती, माना ताणून भांडत होती. पंप तिच्या मांडीवर तसाच राहिला, आणि मागचा कप्पा मऊ पडला तेव्हा वहिनीलाच आठवण करून द्यावी लागली.

आता दर रविवारी नणंद पंप घेऊन मागं बसते. परतल्यावर दोघी होडी सैल गुंडाळतात, दर वेळी वेगळ्या जागी. गुंडाळताना वहिनीला दुसरीकडे बघावं लागतं. रविवारी रात्री जेवताना ती न चुकता म्हणते, "उद्या नेते हं दुरुस्तीला." एका सोमवारी नणंद चष्म्याच्या दुकानात निघाली होती, ते होडीवाल्याच्या शेजारीच. "मीच नेऊ का?" तिने विचारलं.

"जड आहे. राहू द्या."

"बरं," नणंद म्हणाली आणि पिशवी ओलांडून जिना उतरली. चष्मा घेतला तेव्हा होडीवाल्याचं दुकान उघडंच होतं.