खंडेनवमीचा इष्टो

देवासच्या पागेच्या गल्लीत पहिला इष्टो आणला तो यमुनाबाईंनी. स्टोव्हला तेव्हा सगळे इष्टोच म्हणत. आमच्या घरात तो अजूनही इष्टोच आहे. यमुनाबाई म्हणजे माझ्या सासऱ्यांची आजी. मी त्यांना पाहिलेलं नाही. पण त्यांची लेक मालनआत्या म्हातारपणी धारहून माहेरपणाला यायच्या, माझ्याबरोबर भाजी निवडायला बसायच्या, आणि ही गोष्ट निघाली की मेथीची जुडी त्यांच्या हातात तशीच राहायची.

एकोणीसशे आठ-नऊचा सुमार. देवासात तेव्हा थोरली पाती आणि धाकटी पाती अशी दोन राज्यं शेजारी शेजारी होती. यमुनाबाईंचे यजमान रघुजी थोरल्या पातीच्या पागेत घोड्यांच्या देखभालीला होते. पूर्वज तलवार घेऊन दरबाराबरोबर दक्षिणेतून आले होते. रघुजींच्या हातात घोडे घासायचा खरारा उरला होता. तलवार मात्र घरात होती, खुंटीवर.

चुलीच्या धुराने मालनचे डोळे सुजत. लग्न ठरलेलं, धारचं सासर, आणि मुलगी कायम रडल्यासारखी दिसायची. त्याच सुमारास रस्त्यापलीकडे दत्तोपंत नावाच्या गृहस्थांनी कचेरीतली नोकरी सोडून विलायती सामानाचं दुकान काढलं, आणि यमुनाबाई रोज येता-जाता तिथे थांबू लागल्या. दुकानाच्या पायरीवर एक इष्टो दिवसभर पेटलेला असे आणि पंत त्याच्यावर चहा करून गिऱ्हाइकांना पाजत. धूर नाही, काजळी नाही. यमुनाबाईंनी अंगावरचं काहीतरी मोडलं आणि खोक्यातला एक नवा इष्टो घरी आणला.

पंधरवडा छान गेला. मग खंडेनवमी आली.

आमच्यात त्या दिवशी घरातल्या सगळ्या हत्यारांना स्नान घालतात. तलवार, भाला, घोड्याचा लगाम, विळी, कोयता, सगळी पाटावर मांडायची, हळदकुंकू वाहायचं, झेंडूची फुलं ठेवायची. यमुनाबाईंनी त्या ओळीत इष्टोही मांडला.

रघुजी म्हणाले, "अगं, तो काय लढाईला गेला होता?"

"रोज पोरीच्या डोळ्यांसाठी लढतोय की," त्या म्हणाल्या, आणि त्यालाही पाण्याने पुसून, कुंकू लावून मोकळ्या झाल्या.

दुसऱ्या दिवशी दसरा. पुरणाची डाळ इष्टोवर चढवली होती. मालन अंगणात दाराला तोरण बांधत होती. एकाएकी इष्टोची टाकी खालून उसवली, घासलेट पसरलं आणि भडका उठला. यमुनाबाईंनी ओलं गोणपाट फेकलं, पण ज्वाळा माळ्यापर्यंत गेली होती आणि माळ्यावर वर्षाच्या गोवऱ्या होत्या. शेजारपाजारच्यांनी विहिरीवरून हंडे आणून आग विझवली. माणसं वाचली. स्वयंपाकघराच्या तुळया कोळसा झाल्या, कवेलू म्हणजे छपराची कौलं तडकून खाली आली, आणि ज्या कोपऱ्यात लग्नात देवक बसायचं तो कोपरा आभाळाला उघडा पडला.

गावाला मात्र दुसराच विषय मिळाला. आठवडी हाटातला भाजीवाला ओरडून सांगायचा, "भिया, बाई ने तो दसेरा के दिन लंका बाल दी!" म्हणजे बाईने दसऱ्याच्या दिवशीच लंका पेटवली. लोक हसत. मालनआत्या सांगायच्या, आई त्याच्याकडूनच भाजी घ्यायची, भाव केल्याशिवाय टोपलीला हात लावायची नाही, आणि परत येताना तिची मान जरा जास्तच ताठ असायची.

धारहून विहिणीचा निरोप आला: घराची ही अवस्था, तर लग्न आमच्याकडेच उरकून घेऊ.

"उरकायला ती काय खरकटी भांडी आहेत?" यमुनाबाई म्हणाल्या. "माझ्या पोरीचं देवक माझ्या घरात बसेल. मार्गशीर्षात. छपराखाली."

"छप्पर कुठाय?" रघुजींनी विचारलं.

"ज्याच्या इष्टोनं खाल्लं, तो देईल."

त्या दत्तोपंतांकडे गेल्या. पंतांनी उसवलेली टाकी हातात घेऊन उलटसुलट पाहिली. कडेला कुंकवाचा डाग होता. "यमुनाबाई, हे काय?" त्यांनी विचारलं. यमुनाबाईंनी खरं ते सांगितलं. पंतांनी कपाळावर हात मारला. "अहो, यंत्राला आंघोळ घालतात का! पाणी गेलं असेल आत, हळद गेली असेल भोकात. तुमच्या भक्तीने जाळलं तुमचं घर. माझा काय दोष?"

तक्रार करायची तर कुठे? रस्त्याच्या अलीकडे थोरल्या पातीचं राज्य, पलीकडे धाकट्या पातीचं. थोरल्या पातीची कचेरी म्हणाली, दुकान पलीकडे आहे, तिकडे जा. धाकट्या पातीची कचेरी म्हणाली, आग अलीकडे लागली, तिकडे जा. दोन्ही उत्तरं बरोबर होती, हीच अडचण होती.

अलीकडचे मल्हारराव आणि पलीकडचे कृष्णराव, दोघेही वयोवृद्ध, दोघांचा शब्द आपापल्या बाजूला मानला जाई. यमुनाबाई दोघांच्या घरी गेल्या आणि दोघांना एकच प्रश्न विचारला: "तुमच्या हद्दी रस्त्याच्या मधोमध भेटतात ना? मग मधोमधच बसा की."

म्हाताऱ्यांना गंमत वाटली आणि दोघे पंच व्हायला तयार झाले. पुढच्या हाटाच्या दिवशी रस्त्यात बाज टाकली, दोन पाय थोरल्या पातीत, दोन धाकट्या पातीत. बैलगाड्या कडेने काढाव्या लागल्या. सगळा हाट भोवती गोळा झाला, तो भाजीवालाही.

दत्तोपंत बोलायला उठले. बोलणं कचेरीत मुरलेलं. "विलायती यंत्र. बाईंनी त्याला न्हाऊ घातलं, कुंकवाने माखलं, वर झेंडू ठेवला. आरती तेवढी राहिली!" हशा पिकला. "आता फुटलं, तर म्हणतात छप्पर द्या."

मल्हाररावांनी विचारलं, "बाई, घातली होती का आंघोळ?"

"घातली. कुंकूही लावलं. नाही कुठं म्हणते?" यमुनाबाई पदर सावरून उभ्या राहिल्या. "पण पंत, तुमच्या पायरीवर रोज पेटतो, त्या इष्टोच्या कपाळावर काय आहे?"

सगळ्यांच्या माना दुकानाकडे वळल्या. पायरीवरच्या इष्टोवर चहा उकळत होता, आणि त्याच्या पितळी अंगावर खंडेनवमीचं कुंकू स्पष्ट दिसत होतं. वाळलेल्या झेंडूची एक पाकळीसुद्धा.

पंत चाचरले. "ते... आम्ही फक्त बोट टेकवलं. हलक्या हाताने."

"म्हणजे तुमचं कुंकू हलकं आणि आमचं जड?"

आता हसू दुसऱ्या बाजूने आलं. कृष्णरावांनी उपरण्यात तोंड लपवलं.

पंतांना ते लागलं. ते तरातरा दुकानात गेले आणि यमुनाबाईंचा इष्टो ज्यातला होता त्याच खोक्यातून एक कोरा इष्टो घेऊन आले. "याला ना पाणी लागलंय, ना कुंकू. सर्वांसमक्ष पेटवतो. बघा काय होतं ते!"

"पेटवा," यमुनाबाई म्हणाल्या. "मालन, घमेलं आण."

मालनने घरून वाळूने भरलेलं घमेलं आणलं. ते सकाळपासून तयार होतं.

"एवढी भीती वाटते?" पंत म्हणाले.

"भीती नाही पंत. अनुभव."

पंतांनी घासलेट भरलं, पंप मारला, काडी ओढली. निळी ज्योत सरळ उभी राहिली. त्यांनी विजयाने पंचांकडे पाहिलं आणि अजून पंप मारला, अजून मारला. लोक पुढे सरकले. यमुनाबाई तेवढ्या ज्योतीकडे बघत नव्हत्या. त्या खाली बघत होत्या, टाकीच्या पेंद्याकडे. तिथे एक थेंब चमकला. मग दुसरा.

"पंत, बाजूला व्हा!"

पंत ऐकेनात. यमुनाबाईंनी त्यांच्या खांद्यावरचं उपरणं धरलं आणि बैल ओढावा तसा त्या माणसाला मागे ओढला. त्याच क्षणी पेंदा उसवला. रस्त्यावर आगीची जीभ पसरली, पंतांच्या धोतराचा काठ करपला, बायका किंचाळल्या. यमुनाबाईंनी घमेलं उपडं केलं. वाळूखाली आग फुसफुसली आणि विझली.

पंत रस्त्यातच बसले होते, हातात उपरण्याचं एक टोक.

"काय म्हणता, दत्तोपंत?" मल्हाररावांनी विचारलं.

पंतांनी वाळूकडे पाहिलं. मग म्हणाले, "या खोक्यातले आणखीही विकलेत मी."

ते उठायला लागले, तर यमुनाबाई म्हणाल्या, "मग आधी ते परत आणा. घरोघर जा. माझ्या छपराचं उद्या बघू."

मालनआत्या इथे नेहमी थांबायच्या आणि माझ्याकडे बघायच्या. उघड्या घरात राहणारी बाई म्हणाली, उद्या बघू. पंत तसेच, करपलेल्या धोतराने, दोन्ही पातींतल्या घरांत फिरले आणि दिवे लागायच्या आत सगळे इष्टो परत घेऊन आले.

दुसऱ्या दिवशी पंचांनी यमुनाबाईंना विचारलं, भरपाई काय घेणार? त्या म्हणाल्या, "पैसे नकोत. छप्पर होतं तसं द्या. तुळया सागाच्या होत्या, सागाच्याच घाला. आणि पंतांनी त्यांच्या पायरीवर उभं राहून सांगावं, की बाईच्या हातून काही चुकलं नाही."

पुढच्या हाटाला पंत पायरीवर उभे राहिले. स्वच्छ मराठीत, चार लोकांसमोर, म्हणाले: दोष मालाचा होता, यमुनाबाईंचा नव्हता.

"आता हिंदीतही सांगा," यमुनाबाई म्हणाल्या. "आमच्या भियाला कळायला पाहिजे."

पंतांनी हिंदीतही सांगितलं. भाजीवाल्याने मान खाली घातली, आणि त्या दिवशी बाईच्या टोपलीत कोथिंबीर वरून टाकली. त्यांनी ती घेतली, पण भाव केलाच.

सुतार आले, कवेलू आले. पंत रोज येऊन काम बघत. एकदा तर तुळईला गाठ निघाली म्हणून त्यांनीच ती परत पाठवली. मार्गशीर्षात मालनचं देवक नव्या छपराखाली, त्याच कोपऱ्यात बसलं. धारची विहीण आली, तुळयांकडे वर बघत राहिली. यमुनाबाईंना तेवढं पुरलं. पंतांनी आहेर म्हणून दुसऱ्या गावाहून मागवलेला नवा इष्टो आणला, तेव्हा त्या म्हणाल्या, "आधी वर्षभर तुमच्या घरी पेटवा. मग बघू." पंतांनी खरंच वर्षभर पेटवला.

पुढच्या वर्षी खंडेनवमीला यमुनाबाईंनी तलवार मांडली, भाला मांडला, आणि त्यांच्या शेजारी तो जुना, पेंदा उसवलेला इष्टो.

"फुटका कशाला पूजेत?" रघुजी म्हणाले.

"तलवारीला खाच पडली म्हणून टाकून देता का?" त्यांनी विचारलं, आणि कुंकू लावलं. हलक्या हाताने नाही, चांगलं ठसठशीत.

तलवार आता थोरल्या दिरांकडे आहे. इष्टो आमच्याकडे आहे. खंडेनवमीला त्याला मी आंघोळ घालते.