पाटीवर चढलेलं नाव

लाहेलाने शाळेची बस भर रस्त्यात करकचून थांबवली, तेव्हा पोरांना वाटलं, आता कुणाची तरी धडगत नाही.

"आंटी, मी काही केलं नाही हं!" मागच्या बाकावरून एकाने आधीच ओरडून घेतलं.

लाहेलाचं तिकडे लक्षच नव्हतं. वाइमेआ गावातल्या नव्या वस्तीच्या तोंडाशी रस्त्याच्या नावाची हिरवी पाटी लागली होती आणि त्या पाटीवर लिहिलं होतं, कालिकोइकानोए. म्हणजे धुक्यातली कोवळी पालवी. इतकं गोड नाव वाचून या बाईचा चेहरा पांढराफटक पडला होता. मागच्या गाडीवाल्याने भोंगा वाजवला तरी तिला तो ऐकू आला नाही.

गावातल्या रस्त्यांना नावं देणं हे तिच्या थोरल्या भावाचं, कानिएलाचं काम. त्याचा जन्म गेला घोड्यावर बसून गुरं हाकण्यात, पण इथल्या वाऱ्यांची, पावसांची, गवतांची जुनी नावं त्याला तोंडपाठ. म्हणून नवी वस्ती उठली की लोक त्याचंच दार ठोठावत. एका गल्लीला त्याने अंगाला टोचणाऱ्या गार पावसाचं नाव दिलं, तर तिथल्या नवरा-बायकोंची भांडणं झाली की खापर याच्या डोक्यावर! तो हसायचा आणि पुढचं नाव द्यायचा.

पण हे नाव त्याला देण्याचा अधिकारच नव्हता. हे नाव लाहेलाला स्वप्नात आलं होतं, लेकीच्या, नोहेआच्या पोटातल्या बाळासाठी. स्वप्नात आलेलं नाव बाळाला द्यायचंच, टाळलं तर बाळ जगत नाही, हे त्या घरात कुणाला शिकवावं लागत नसे. बाळ जन्माला येईपर्यंत ते चारचौघांत उच्चारायचंही नाही. लाहेलाने ते फक्त भावाला सांगितलं होतं, त्याच्याकडे जेवायला गेली असताना. आता ते नाव भर चव्हाट्यावर टांगलेलं होतं आणि त्या नावाच्या रस्त्यावरून सिमेंटचे ट्रक जात होते.

पोरांना शाळेत उतरवून तिने रिकामी बस थेट भावाच्या अंगणात घातली. कानिएला पडवीत खोगिराला तेल लावत बसला होता.

"रस्त्यांना नावं कमी पडली का रे तुला? माझ्या नातवंडाचं चोरलंस ते?"

त्याने मान वर केली नाही. "आत अळूच्या कंदाची पोई आहे. काल भाजलेलं डुक्करही आहे. आधी खाऊन घे."

"खाऊन घे म्हणे! लाज वाटते का थोडी तरी? नोहेआचे दिवस भरत आलेत. बाळाला काही झालं म्हणजे?"

"काही होऊ नये म्हणूनच दिलं."

"वा! म्हणजे उपकारच केलेस म्हणायचे!"

कानिएलाचे हात थांबले. "लाहेला, ते नाव तुझ्याआधी मला आलं होतं. रॉबर्टच्या वेळी."

लाहेला पायरीवर बसली.

रॉबर्ट म्हणजे कानिएलाचा एकुलता एक मुलगा. पाळण्यातच गेला. ती एवढीशी पेटी लाहेलाने स्वतःच्या मांडीवर घेऊन चर्चपर्यंत नेली होती. भावाच्या दुःखातलं आपल्याला ठाऊक नाही असं काही उरलं असेल, हे तिला कधी स्वप्नातही वाटलं नव्हतं.

"सासरा अंथरुणाला खिळलेला," कानिएला म्हणाला. "त्याने हट्ट धरला, पोराला माझंच नाव ठेवा. मरायला टेकलेल्या माणसाला नाही कसं म्हणू? म्हटलं, स्वप्नच ते, त्याचं काय एवढं! बायकोलासुद्धा बोललो नाही. ती गेली, तरी नाही बोललो. आणि त्या दिवशी तू माझ्यासमोर जेवायला बसून तेच नाव घेतलंस. अक्षरन् अक्षर तेच. मला वाटलं, ते आपल्या घरातलं आणखी एक पोर न्यायला आलंय. म्हणून रस्त्याला देऊन टाकलं. रस्ता काही मरत नाही."

येताना लाहेलाने शिव्यांचा चांगला साठा करून आणला होता. त्यातली एकही आता तोंडाबाहेर पडेना. आख्ख्या गावाला पत्ते देणारा हा माणूस, आणि पोटच्या पोराचं नाव त्याने आजवर घशातच दाबून ठेवलं! तिला त्याचा राग आला, कीव आली, आणि त्याच्याशेजारी इतकी वर्षं आंधळ्यासारखं जगल्याबद्दल स्वतःचीही लाज वाटली.

"न्यायला नाही रे, वेड्या," ती शेवटी म्हणाली. "ज्याचं त्याला मिळालं नाही म्हणून परत आलंय ते. नोहेआच्या बाळाला हेच नाव ठेवायचं. तुझी पाटी राहो नाहीतर जावो. पण आधी ज्याचं आहे त्याला दे. ऊठ, बसमध्ये बस."

"आत्ता?"

"नाही, पुढच्या जन्मी! ऊठ म्हणते ना."

चर्चच्या मागच्या उतारावर तो लहानसा दगड होता, त्यावर आजोबांचं नाव, रॉबर्ट. कानिएलाने टोपी काढली. आणि तो दगडाभोवतीचं गवतच उपटत राहिला. लाहेला बाजूला उभी राहिली. तिच्या ओठांवर ते नाव आलं होतं, पण तिने ते गिळलं. हे काम तिचं नव्हतं.

मग त्याने हाक मारली. हळू बोलून नाव कसं देतात ते त्या गड्याला ठाऊकच नव्हतं. चुकलेल्या वासराला डोंगरापलीकडून बोलवावं तशी त्याने छाती फोडून हाक घातली, "कालिकोइकानोएऽऽ!" पुन्हा एकदा घातली. कुंपणावरची पाखरं उडाली. लाहेलाच्या अंगावर सर्रकन काटा आला. हा आवाज तिने आयुष्यात कधी ऐकला नव्हता.

चर्चमध्ये फुलं मांडणारी बाई हातातली फुलं तशीच घेऊन धावत बाहेर आली.

"काय झालं, आंटी? कोण हरवलंय?"

"माझा भाचा," लाहेला म्हणाली, आणि तिला रडू कोसळलं.