दादाला फोन लाव

माझे दोन्ही भाऊ काचवाले, आणि दोघंही एक नंबरचे हट्टी. मी मधली. चार वर्षं त्यांच्यात अबोला होता, आणि कारण सांगायचं तर हसू येतं. एका दुकानाच्या दर्शनी काचेचं माप थोरल्याने घेतलं, तेव्हा चौकटीच्या खोबणीत जाणारी जागा त्याने मोजून धरली. कापताना धाकट्याने तीच जागा पुन्हा धरली. काच मोठी झाली, चौकटीत बसेना. गिऱ्हाइकासमोर थोरल्याने धाकट्याला नको नको ते सुनावलं. धाकट्याने त्याच दिवशी वेगळं दुकान थाटलं, तेही दोन गल्ल्या सोडून. जायचंच होतं तर जरा लांब तरी जायचं!

धाकटा काम एकट्यानेच करतो. दोन्ही हात काचेला, मग फोन कोण उचलणार? गिऱ्हाइकं माझ्याकडे तक्रार करायची. शेवटी मीच त्याच्या फोनमध्ये बोलून नंबर लावायची सोय चालू करून दिली. खिशातल्या फोनला नुसतं सांगायचं, अमक्याला फोन लाव. फोनमधली बाई विचारणार, लावू का? हो म्हणायचं, झालं. नंबर भरताना मी "दादा" म्हणून थोरल्याचाही भरला. धाकटा भडकला. "काढ तो आधी!"

"काढते," म्हटलं, आणि काढला नाही.

मग एके दिवशी सकाळी बाजार उघडायच्या आधी तो एका औषधाच्या दुकानाची काच बसवत होता. उंच, जाड काच. वर काच धरून ठेवणारी पट्टी लावायची राहिली होती, तेवढ्यात खालची लाकडी पाचर सरकली आणि काच त्याच्या अंगावर कलली. उजव्या हाताने काठ धरून, डावा तळवा आणि कपाळ लावून तो तिला थोपवून उभा. काठ तळव्यात रुतलेला. सोडली तर अंगावर येणार, आणि तसली काच अंगावर आली की माणूस उरत नाही. त्याने हाका मारल्या, पण रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं.

"ताईला फोन लाव," तो म्हणाला. बाईने विचारलं, त्याने हो म्हटलं. मी गच्चीवर कपडे वाळत घालत होते आणि फोन खाली चार्जिंगला. त्याचं मला अजून वाईट वाटतं.

बराच वेळ वाजून फोन बंद झाला. हातातलं बळ संपत आलं होतं. नंबर मी काढला नसणार, एवढं तो मला ओळखून होता.

"दादाला फोन लाव."

"दादा यांना फोन लावू का?"

हे "हो" म्हणायला त्याला फार वेळ लागला, असं त्यानेच मला सांगितलं. जीव जायची वेळ आली तरी ताठा काही जाईना! पण म्हणाला एकदाचा.

थोरल्याने पहिल्या रिंगला उचलला. "कुठे आहेस?" एवढंच विचारलं आणि अनवाणीच पळत सुटला.

येऊन त्याने बाजूने खांदा लावला. "मी रेटतो, तू निघ."

"दादा, फुटेल रे."

"फुटू दे. निघ म्हणतो ना!"

धाकटा निसटला. थोरल्याने मागे उडी मारली आणि अख्खी काच फरशीवर आली. आवाज तीन गल्ल्या ऐकू गेला म्हणतात. काच हातची गेली की आठवडाभर न जेवणारा हा माणूस, त्याने तिच्याकडे वळूनसुद्धा पाहिलं नाही. धाकट्याचा रक्ताळलेला हात धरून सरळ दवाखान्याची वाट धरली.

मी खाली आले तेव्हा धाकट्याचा फोन येऊन गेलेला. उलटा लावला. पलीकडून थोरल्याचा आवाज आला. मला रडूच कोसळलं.

"रडतेस काय? ह्याच्या तळव्याला टाके घातलेत," तो म्हणाला. "हातात घास धरता येणार नाही त्याला. स्वयंपाक तिघांचा कर, मी भरवतो."