तिचा पसंतीक्रम

मुलीच्या बारावीनंतर, प्रवेशाच्या त्या दिवसांत, माझ्याकडे एकच काम होतं. मोबाइलवर ओटीपी आला की तो तिला वाचून दाखवायचा. तिचं सिम सारखं बंद पडायचं म्हणून अर्जात तिनं माझा नंबर दिला होता. ती कडा गावच्या ऑनलाइन सेंटरवर बसलेली असायची आणि मी आमच्या वाडीवरच्या शाळेत, तिसरी-चौथीच्या वर्गावर.

"मम्मी, आला का?"

"आला."

"सांग."

मी आकडे वाचायचे, ती ते पुन्हा म्हणायची. "बरं, ठेवते." संपलं. तिनं कुठलं पान उघडलं, काय भरलं, काय खोडलं, मला काही कळायचं नाही. हातात खडू तसाच असायचा. पोरं विचारायची, "बाई, कोन होतं?" मी म्हणायचे, "कोणी नाही, लिहा."

हे असंच व्हावं, असं मीच ठरवलं होतं.

माझी बारावी झाली त्या वर्षी माझे वडील एका सकाळी बीडला गेले आणि संध्याकाळी पेढे घेऊन आले. मला डी.एड.ला प्रवेश मिळाला होता. अर्ज कधी भरला, फोटो कुठला लावला, सही कोणी केली, मला काहीच ठाऊक नव्हतं. मला वनस्पतिशास्त्र शिकायचं होतं, पण ते तोवर मी कुणाजवळ बोलले नव्हते, आणि पेढा तोंडात असताना बोलता आलं नाही. वडिलांनी वाईट केलं असं मी म्हणणार नाही. त्याच डी.एड.वर मिळालेल्या नोकरीवर आमचं घर उभं राहिलं. पण माझ्या आयुष्यातली एवढी मोठी गोष्ट बीडमध्ये घडत होती तेव्हा मी घरी धुणं वाळत घालत होते, हे काही मला विसरता आलेलं नाही.

म्हणून मुलीला म्हटलं, "तुझं तू भर. अडलं तर विचार."

तिनं आधी माझ्याकडे नीट पाहिलं. मी खरंच बोलतेय की कसं, ते बघत होती. मग म्हणाली, "बघ हं. मग मध्ये बोलायचं न्हाई."

"न्हाई बोलणार."

माझे मिस्टर चाकणला कंपनीत आहेत. महिन्यातून एकदा शनिवारी येतात, रविवारी दुपारी जातात. त्यांना फोनवर सांगितलं तर म्हणाले, "तू शिक्षिका हायेस, तूच बघ ना सगळं."

"तिचं तिला बघू दे."

"आन चुकली तर?"

पलीकडे मशीनचा आवाज चालू होता. मग तेच म्हणाले, "तू जवळ हायेस. मी हितनं काय बोलू." हे वाक्य ते बऱ्याचदा बोलायचे. फोन ठेवल्यावर मला दरवेळी वाटायचं की जवळ असणं म्हणजे काय, हे त्यांना एकदा विचारावं.

मुलीला मत्स्यशास्त्राला जायचं होतं. आमच्याकडे हा शब्दच कुणी ऐकलेला नव्हता. त्यात आमचं घर माळकरी, चुलीजवळ कधी अंडंसुद्धा आलेलं नाही. तिचं हे खूळ सुरू झालं दहावीच्या सुट्टीत. गावाजवळच्या तलावाचं पाणी पार तळाला गेलं होतं आणि एका सकाळी काठावर मेलेले मासे पसरले होते. तलावाचा ठेका घेतलेल्या माणसांनी सांगितलं, पाण्यातली हवा कमी पडली. तिनं घरी येऊन मला विचारलं, "पाण्यातली हवा कमी कशी पडती?" मी पुस्तकात होतं तेवढं सांगितलं. तिला ते पुरलं नाही. पुढे सुट्टीभर ती संध्याकाळी तलावावर जायची आणि त्या माणसांना प्रश्न विचारून भंडावून सोडायची. ती माणसं हसायची तिला, पण सांगायची.

माझे थोरले दीर गावात वजन असलेले. सगळं घर त्यांना आण्णा म्हणतं. त्यांच्या कानावर हे गेलं तसे ते एका दुपारी आले, ओट्यावर बसले, पाणी प्याले.

"मासे?" ते म्हणाले. "लोकं काय म्हनतील? माळकऱ्याची पोरगी मासे धरायला गेली?"

"धरायला नाही, शिकायला," मी म्हणाले.

"तेच ते. नगरला इंजिनेरिंगला घाला. रोज जाऊन येऊन करंल. माज्या वळकीचं कालेज हाय, शबुद टाकतो." मग आवाज खाली आणून म्हणाले, "त्यो नंबर तुमच्याच मोबाइलवर येतो ना? मग झालं की. तुमीच अर्जात जा, ह्यो काढा आन इंजिनेरिंगचा भरा. पोरीला कोन इचारतंय."

खरं सांगायचं तर ते मला अवघड नव्हतं. आणि नगर म्हटल्यावर माझ्या मनात काय आलं तेही सांगते. संध्याकाळी साडेपाचच्या एसटीतून उतरून घराकडे येणारी ती मला दिसली. रोज. आणखी चार वर्षं.

मी म्हणाले, "आण्णा, तिलाच विचारा."

त्यांनी तिला हाक मारली. ती ओढणीला हात पुसत बाहेर आली. त्यांनी सगळं पुन्हा सांगितलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आण्णा, तुमी माज्यासाठी आलात, बरं वाटलं. पर मला इंजिनेरिंग न्हाई करायचं."

आण्णा माझ्याकडे बघत राहिले. मी ओट्याच्या कडेला उभी होते. ते उठले, चप्पल घातली, आणि जाताना म्हणाले, "आईच गप बसल्यावर आमी काय बोलनार." त्यानंतर त्यांच्या घरचं कुणी आमच्याकडे येईनासं झालं. जाऊबाई आडावर भेटल्या तरी तोंड फिरवायच्या.

डोमिसाइलच्या दाखल्यासाठी आम्ही दोघी आष्टीच्या तहसीलला गेलो. मी तिच्यासोबत गेले एवढंच, रांगेत तीच उभी राहिली. मी बाहेर बाकावर बसले. तिथल्या क्लार्कचा मुलगा कधी काळी माझ्या वर्गात होता. त्यांनी मला खिडकीतून पाहिलं.

"मॅडम, तुमी कावून भायेर बसल्या? या ना आत."

"तिचं काम आहे. तिच्याशीच बोला."

ते हसले, आणि तिच्याशी बोलले. थोड्या वेळानं ती बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा उतरला होता. आधारवर वडिलांच्या नावाचं स्पेलिंग एक आणि दहावीच्या गुणपत्रिकेवर दुसरं. प्रतिज्ञापत्र करून पुन्हा या, असं सांगितलं होतं.

मी म्हणाले, "हां, ते वेगळं आहे."

ती थबकली. "तुला म्हाईत होतं?"

मला माहीत होतं. आदल्या आठवड्यात कागद टेबलावर होते तेव्हाच माझ्या लक्षात आलं होतं. शिक्षिकेची नजर, चूक दिसल्याशिवाय राहत नाही. पण तिनं विचारलं नव्हतं, आणि मी शब्द दिला होता.

"मग सांगितलं का न्हाईस?"

"तूच म्हणालीस, मध्ये बोलू नको."

"मध्ये बोलू नको म्हंजे बोलूच नको का?" ती एवढ्या मोठ्यानं म्हणाली की आजूबाजूची माणसं वळून बघायला लागली.

परतीच्या जीपमध्ये ती खिडकीकडे तोंड करून बसली. घरी आल्यावर मी भाजी चिरायला घेतली, तर दारात येऊन उभी राहिली.

"माज्या मैत्रिणीची आई तिच्यासंग रोज सेंटरवर येती. मार्क कमी पडले तवा रडली तिच्यासंग. आण्णा भांडले तरी. पप्पा तरी फोनवर चिडतात. तूच एक. ना चिडलीस, ना रडलीस. मी लांब चालले, तुला कायच वाटत न्हाई का?"

विळीवर माझा हात थांबला. एवढे दिवस मला वाटत होतं की मी तिला मोकळं सोडतेय. आणि तिला वाटत होतं, आईनं सोडून दिलंय. एकाच घरात, एकाच चुलीवरचं खात, आम्ही दोघी आपापल्या खोलीत एकेकट्या बसलो होतो.

ती निघून गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती चहा घेत होती तेव्हा मी तिच्यासमोर जाऊन बसले.

"मला वाटतं तू नगरला शिकावंस," मी म्हणाले. "रोज संध्याकाळी घरी यावंस. हे माझं वाटणं आहे. ते तुझ्या यादीत लिहू नको. पण तुला माहीत असावं म्हणून सांगितलं."

तिनं कप खाली ठेवला. मग म्हणाली, "तुला एकटीला भ्या वाटंल का?"

"भ्या न्हाई वाटायचं. करमणार न्हाई."

"लई?"

"लई."

ती रडली नाही, मीही नाही. पण त्या संध्याकाळी तिनं मोबाइलवर अर्ज उघडून माझ्यासमोर धरला. "चुका बघ. कॉलेजांच्या क्रमाला हात लावू नको." मी चष्मा लावून बघितलं. पिनकोडचा एक आकडा चुकला होता. यादीत पहिलं रत्नागिरी होतं, समुद्राजवळचं म्हणून. मग उदगीर, मग नागपूर. नगर कुठेच नव्हतं. मी फक्त पिनकोड दाखवला.

प्रवेशाच्या पहिल्या यादीत तिचं नाव आलं नाही. त्या दिवशी ती खोलीतून बाहेर आली नाही. मी दाराशी पोह्यांची बशी ठेवली. दुपारी बघितलं तर तशीच होती. आण्णांचा निरोप एका पोराबरोबर आला, "आधीच सांगितलं होतं म्हनावं." मी तो तिच्यापर्यंत पोचवला नाही. दोन्ही वेळेस जेवायला मी एकटीच बसले. बाहेर पाऊस नव्हता, वाराही नव्हता, आणि घरात तिच्या पंख्याचा तेवढा आवाज येत होता. बंद दारापलीकडे लेकरू असं पडलेलं आहे आणि आपल्याला दार वाजवायचं नाही, हे फार जड होतं. एकदा वाजवलंच. आतून ती म्हणाली, "मम्मी, मी हाय. थोडं राहू दे." मग मी राहू दिलं.

दुसऱ्या यादीत नागपूर आलं.

ती मोबाइल घेऊन मागच्या अंगणात आली. "समुद्र न्हाई मिळाला," म्हणाली. मग मोबाइल खाली करून, "नागपूर लई लांब हाय. जाऊ का?"

ती विचारत होती. पहिल्यांदाच विचारत होती, आणि मी नको म्हटलं असतं तर कदाचित तिनं ऐकलंही असतं. तिच्या आवाजात तेवढी जागा होती. मला ती जागा स्पष्ट दिसली.

"तुला जायचंय का?"

"हो."

"मग जाऊ."

मिस्टरांनी रजा काढली. आम्ही तिघं नागपूरला गेलो. होस्टेलच्या ऑफिसपुढे तिनं आम्हाला एका झाडाखाली बसायला सांगितलं आणि स्वतः रांगेत लागली. मिस्टर सारखे विचारत होते, गादी घेतली का, कुलूप घेतलं का, तिला विचार ना. मी म्हणाले, "तुम्हीच विचारा." ते उठले, चार पावलं गेले, आणि परत येऊन बसले. रांगेत तिच्या पुढे गोंदियाकडची एक मुलगी होती. तिच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या तलावातली मासेमारी. दोघी बोलायला लागल्या त्या बोलतच राहिल्या. निघायची वेळ झाली तेव्हा आमची मुलगी धावत आली, दोघांच्या पाया पडली, मला एकदा घट्ट धरलं आणि म्हणाली, "निघा आता. गाडी चुकंल." ती मागे वळली तेव्हा ती दुसरी मुलगी तिची बादली घेऊन उभी होती.

परतीच्या रेल्वेत मिस्टर वरच्या बर्थवर भिंतीकडे तोंड करून झोपले. झोपले होते का, ते मला माहीत नाही. नगरला मी उतरले, त्यांना पुढे पुण्याला जायचं होतं. दारात उभं राहून ते म्हणाले, "शनिवारी येतो." महिन्याचा शनिवार अजून लांब होता. मी म्हणाले, "या."

नगरच्या स्टँडवर बीडकडे जाणारी एसटी लागलेली होती. माझ्या शेजारी एक म्हातारी येऊन बसली. तिनं पिशवी पायाशी नीट लावली आणि मला विचारलं, "कुठं गेलत्या?"

"नागपूरला. मुलीला सोडायला."

"सासरी?"

"नाही, कॉलेजला."

"एवढ्या लांब? कुनी घातली?"

"तिनंच ठरवलं."

म्हातारीनं मान हलवली. पटल्यासारखी का न पटल्यासारखी, कळलं नाही. चिचोंडीच्या पुढे गेल्यावर तिनं पिशवीतून पेरू काढून अर्धा माझ्या हातावर ठेवला.

"आन आता घरी कोन हाय?"

"मीच," मी म्हणाले.

पेरू गोड होता. कड्याला मी उतरले आणि वाडीकडे जाणाऱ्या जीपची वाट बघत उभी राहिले. जीप भरायला वेळ होता. ड्रायव्हर म्हणाला, "मॅडम, बसा आत, कोन हाय तुमच्यासंग?" मी एकटीच आहे म्हटल्यावर त्यानं पुढची सीट दिली. दुसऱ्या दिवशी शाळा होती, आणि चौथीचे गणिताचे पेपर तपासायचे राहिले होते.